आनंदाने हात हलवणारी मुलगी

२२ जानेवारी

दादा,

तुझी-माझी बोलचाल बंद आहे असं लोक म्हणतात तेव्हा मला हसू येतं. जन्मापासून ठार बहिऱ्या बाईची बोलचाल कुणाशी सुरू होती, की बंद पडावी? तरी तुझ्याशी होती, आणि ती बंद झाली, हेही खरंच. वहिनी वर्षाला एक कार्ड पाठवते. त्यावर खाली तुझी सही असते, तिच्याच अक्षरातली. त्यामुळे तुझा पत्ता मात्र माझ्याकडे कायम ताजा असतो.

तब्येतीची चौकशी मागाहून करते. आधी काम.

गेल्या आठवड्यात आमच्या बहिऱ्यांच्या मंडळात फिल्म संग्रहालयातून एक मुलगी आली. मुलगी म्हणजे पस्तिशीची असेल, पण मला आता चाळिशीच्या आतल्या सगळ्याच मुली वाटतात. जुन्या फिल्मा बघायच्या आणि त्यात काय आहे त्याची नोंद करायची, हे तिचं काम. आम्ही लगेच तिला नाव ठेवलं. आमच्यात नावं ठेवणं चांगल्या अर्थाचं असतं, खुणेशिवाय माणसाला हाक कशी मारणार? तिचं नाव 'चष्मा'. बरोबर एक दुभाषी बाई होती. तिचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे तिचे हात आमच्यातलेच आहेत.

चष्मा म्हणाली, "एका शाळेने जुनी रिळं आमच्याकडे दिली आहेत. शाळा सुरू झाल्यावर काही वर्षांनी कुणा हौशी माणसाने तिथे दोन महिने राहून काढलेली. मी नोंद केली : मूकपट. मूकबधिर मुलांची शाळा. शिक्षण व खेळ. ध्वनी नाही. आणि मग एकदा चहा पिता पिता नुसतंच बघत बसले होते, तर लक्षात आलं की ह्या पोरांचे हात थांबतच नाहीत. ती बोलताहेत, आणि मी लिहून बसलेय की ध्वनी नाही."

तिला नोंद पुन्हा करायची होती, पण आपल्या खुर्चीत बसून नाही. जी माणसं फिल्ममध्ये आहेत त्यांनी येऊन ती बघावी, आपण काय बोलत होतो, कोण कोण होतं, ते आपल्या हातांनी सांगावं, आणि ते सांगणंही फिल्मसोबत जपून ठेवावं, असं तिचं म्हणणं. आतापर्यंत सगळ्यांच्या फिल्मा आल्या, म्हणाली, पण सगळ्यांचं म्हणणं आलं नाही.

मग तिने विचारलं, "त्या शाळेत तुमच्यापैकी कुणी होतं का?"

निम्मी खोली हात वर करून उभी राहिली. मी हात वर केला नाही. शेजारी गवंडी बसला होता. नाव गवंडी नि धंदाही तोच. त्याने माझं मनगट धरून हात वर केला.

शाळा तीच आहे, दादा. आणि वर्षही तेच.

तुझी बहीण


९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. असू दे. मी काही कान देऊन वाट बघत नव्हते.

आम्ही संग्रहालयात जाऊन आलो. तुला वाटेल मोठी इमारत असेल. जुन्या कापडगिरणीच्या गोदामासारखी आहे, आत गारठा, कारण रिळांना गारवा लागतो. माणसांचं काही का होईना. बघायची खोली लहान, तीन ओळी खुर्च्या. चष्माने सवयीने दिवे मालवले आणि आम्ही सगळ्यांनी एकदम खुर्च्या बडवायला सुरुवात केली. तिला कळेना काय झालं. अंधारात आम्ही खरेच मुके होतो, एकमेकांचे हात दिसायला नकोत का? तिने जीभ चावली, मागचे दोन दिवे लावले. पडदा जरा फिका झाला, पण बोलणं सुरू झालं.

पहिल्या रिळात वाचेचा वर्ग होता. बाई मुलाचा हात आपल्या गळ्यावर धरतात, तोंडासमोर मेणबत्ती, आणि 'पा' म्हणून ज्योत हलवायची. बाकीची मुलं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. तुला तो नियम आठवतो का? खुणा करायच्या नाहीत म्हणून हातावर बसायचं. मी सुट्टीत घरी यायचे तेव्हाही जेवायला बसले की हात मांडीखाली जायचे, आणि तू टेबलाखालून माझ्या पायाला पाय मारायचास.

पण मागच्या ओळीतले हात दादा, मांडीखाली कसले राहतात! मोठे सर कॅमेऱ्याकडे तोंड करून भाषण देताहेत आणि त्यांच्या पाठीमागे 'तुटका दात' नावाचा पोरगा शेजाऱ्याला सांगतोय, 'हा आता संध्याकाळपर्यंत थांबत नाही. मिशीला दूध लागलंय ते बघ.' आम्ही इतके हसलो की चष्मा घाबरून उठून उभी राहिली. दुभाषी बाईने तिला सांगितलं तशी तीही हसायला लागली. तुटका दात आता आजोबा झालाय, कवळी आहे पुरी, नाव मात्र तेच. तो उठून पडद्याशेजारी उभा राहिला आणि लहानपणीच्या स्वतःबरोबर हुबेहूब तेच पुन्हा बोलला. चष्माने ते सगळं चित्रित करून घेतलं.

असं दोन-तीन दिवस चाललं. कोण कुणाला चिडवत होतं, कुणाला घरची आठवण येत होती, दुपारी दुधात पाणी किती होतं, सगळं बाहेर आलं. एका मुलीने दुसरीला 'मी मोठी झाल्यावर कुलपं बनवणार नाही, मोडणार' असं सांगितलेलं निघालं. तिचं पुढे काय झालं कुणालाच माहीत नाही. आम्ही सगळे जरा गप्प बसलो. म्हणजे हात खाली ठेवले.

मग मैदानातलं रीळ लागलं. मुली ओळीत उभ्या आहेत आणि कॅमेरा एकेकीवरून सरकत जातो. शेवटी एक लहान मुलगी, दोन वेण्यांची. ती सरळ भिंगात बघते आणि दोन्ही हात हलवते. संपलं. चष्माच्या जुन्या नोंदीत ह्या जागी लिहिलेलं होतं : एक मुलगी आनंदाने हात हलवते.

"हे काय बोलतेय?" गवंड्याने विचारलं. "ह्या आपल्या खुणा नाहीत."

तुटका दात म्हणाला, "नवी आहे. उगाच बडबडतेय."

आणि मग एकेक मान माझ्याकडे वळली. माझी खूण वेणी आहे ना.

चष्माने विचारलं, "ह्या तुम्ही का?" मी हो म्हणाले. "काय म्हणताय तुम्ही इथे?" मी म्हणाले, आठवत नाही.

दादा, मला सगळं समजलं होतं.

तुझी बहीण


१६ फेब्रुवारी

दादा,

'आठवत नाही' म्हणून मी सुटले असते. वकिलांच्या काळ्या कोटांची अस्तरं बदलत बसले असते, माझ्या शिलाईच्या दुकानात त्यांचा ढीग पडलाय. पण चष्माने एक गोष्ट सांगितली आणि माझ्याच्याने गप्प बसवलं नाही.

शाळेला पंचाहत्तर वर्षं होताहेत. मोठा समारंभ आहे. विश्वस्तांनी त्या रिळांतून एक छोटी फिल्म करायला सांगितली आहे, वरून संगीत लावून. आणि निमंत्रणपत्रिकेवर त्यांना एक चित्र हवंय. आनंदाने हात हलवणाऱ्या मुलीचं.

म्हणून मी चष्माला आणि तिच्या संचालकांना सांगितलं की ती मुलगी आनंदात नाही, आणि ती हातही हलवत नाही. ती काय म्हणते ते दुभाषी बाईने माझ्याकडून समजून घेऊन लिहून काढलं. संचालक गृहस्थ सभ्य आहेत. त्यांनी पाणी मागवलं, सगळं नीट ऐकून घेतलं, माझ्याकडे बघून ऐकलं, दुभाषीकडे बघून नाही. मग म्हणाले :

"बाई, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण एका शाळेबद्दल फार मोठी गोष्ट आपण कायमची लिहून ठेवतोय. आणि ह्या खुणा शाळेच्या नाहीत, मंडळाच्या नाहीत, त्या वाचू शकणारं माणूस सबंध जगात एकच, आणि तेही तुम्हीच. उद्या कुणी मला विचारलं तर मी काय सांगू?"

मी म्हणाले, "एक नाही. दोन आहेत."

त्या घरच्या खुणा आहेत, दादा. आपण तिघांनी केलेल्या. शाळेने बाबांना बजावलं होतं की घरी खुणा कराल तर पोरांना वाचा येणार नाही. बाबांनी ते वेदवाक्य मानलं. आई भांडी घासता घासता चोरून दोन-चार करायची. पण खरी भाषा आपली, टेबलाखालची आणि परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्यामागची. मी, तू आणि माझ्यासारखाच बहिरा धाकटा. त्या वर्षी मी आणि तो नुकतेच शाळेत गेलो होतो, शाळेतल्या मुलांच्या खुणा मला अजून येत नव्हत्या.

मी त्या फिल्ममध्ये काय म्हणते ते तुला लिहीत नाही. चष्माने सांगितलंय की एक अक्षर लिहू नका, त्यांना कोरं बघू द्या. माझं वाचन संचालकांनी बंद पाकिटात ठेवलंय. पण मी कुणाला सांगत होते ते लिहायला हरकत नाही. आम्हाला ओळीत उभं करताना बाईंनी फळ्यावर चित्र काढलं होतं : हे यंत्र, हा पडदा, आणि पडद्यासमोर बसलेले तुमच्या घरचे. घरच्यांसाठी तो पडदा कधी लागलाच नाही. लागला तो देणगी देणाऱ्यांसाठी. मला काय ठाऊक? मी आपली तुला सांगत होते.

आता दुसरी गोष्ट. ती मी आयुष्यात एकदाच विचारली, पंधरा वर्षांची असताना, पाटीवर लिहून. तू वाचलंस, पाटी पुसलीस आणि पुढच्या महिन्यात बंदरावर नोकरीला निघून गेलास.

धाकटा गेल्यावर आईबाबा आणि तू शाळेत आलात. मोठ्या सरांच्या खोलीत आपण सगळे उभे होतो, आई तेवढी खुर्चीत. सर म्हणत होते की ताप होता. ते मला नंतर कळलं. मी बाबांची बाही ओढली आणि जे मला ठाऊक होतं ते सगळं हातांनी सांगितलं. बाबांनी तुझ्याकडे बघितलं. आमच्यातला पूल तूच होतास, बारा वर्षांचा. तुझे ओठ हलले. मी तुझ्या ओठांकडेच बघत होते. मग सर हसले. पुढे येऊन त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबा वळले, माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं. आई तशीच बसून होती.

तू असं काय बोललास की माणूस हसून तुझ्या डोक्यावर हात ठेवतो?

ते आता विचारत नाही. आता फक्त एवढंच म्हणते, ये. बघ. जे दिसेल ते सांग.

तुझी बहीण


२७ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं. अक्षर वळणदार आहे अजून, कागद मोठा आणि ओळी तीन. खुणा विसरलो. आता वय झालं. तू म्हणशील तसं लिहून सही करून पाठवतो.

नको. मी म्हणेन तसं मला कुणाकडूनच नको आहे. तसं लिहून द्यायला सगळं मंडळ तयार आहे, गवंडी तर बोट कापून रक्ताने लिहील. आणि तुझी सही घेऊन मी काय करू? ती वहिनीलाही येते.

खुणा विसरलास म्हणतोस. सगळं आयुष्य तू क्रेनवर काढलंस. शंभर हात उंचावर बसून तू कुणाचं ऐकत होतास? खाली उभा माणूस हाताने खूण करायचा आणि तू घराएवढं लोखंड उचलून बरोबर तिथे ठेवायचास. एकदा वहिनीने कार्डावर कौतुकाने लिहिलं होतं की तुझ्या हातून एवढ्या वर्षांत एकही माणूस जायबंदी झाला नाही. ते वाचून मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. कौतुक वाटलं म्हणून, आणि रागही आला म्हणून.

नाही यायचं तर नको येऊस. पण विसरलो म्हणू नकोस.

समारंभाच्या पत्रिकेची छपाई पुढच्या महिनाअखेरीला आहे.

तुझी बहीण


२० मार्च

दादा,

पोचल्याचं वहिनीने कळवलं. प्रवासात पाय सुजले म्हणे. मीठ घालून कोमट पाण्यात ठेव.

तू स्टेशनवर उतरलास तेव्हा मी तुला कानांवरून ओळखलं. बाकी सगळा बदललास. केस गेले, उंची गेली, कान मात्र आहेत तिथे आहेत. आपण एकमेकांसमोर उभे राहिलो आणि दोघांनाही हातांचं काय करावं ते सुचेना. शेवटी तू माझी पिशवी घेतलीस. पाहुणा तू आणि पिशवी माझी!

त्या दिवशी खोलीत जे झालं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तू पडद्याकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे. मला दिसलं ते तुला दिसलं नसणार. मागच्या दोन ओळींत सगळं मंडळ होतं, दाटीवाटीने. पलीकडे संचालक, चष्मा आणि शाळेच्या विश्वस्तांपैकी ती करड्या केसांची बाई. पहिल्यांदा फिल्म लागली आणि तुझे हात मांडीवरच राहिले. मला वाटलं, संपलं. हा आता खांदे उडवेल. तू म्हणालास, "परत लावा."

दुसऱ्यांदा ती मुलगी आली आणि तुझे हात मांडीवरून आपोआप उठले. तुला ते कळलंही नसेल. ती पडद्यावर करत होती आणि तू खुर्चीत बसून तिच्याबरोबर करत होतास. माझ्या मागे तुटक्या दाताने गवंड्याचा दंड धरला, ते मी बघितलं.

मग तू एकेक सांगितलंस, आणि दुभाषी बाईने ते आम्हाला हातांनी दिलं. गालात खुपसलेलं बोट, म्हणजे धाकटा, कारण त्याच्या गालाला खळी होती. मुठीवर पंजा दाबून फिरवला, म्हणजे कोंडलंय. "आमच्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात घालायचो," तू म्हणालास, "ती खूण." अंगठा ओठावरून खाली आणि मग रिकामा तळवा, पाणी नाही. दंडांवर घासलेले हात, थंडी. कान धरून पुढे ओढला, म्हणजे मी, दादा. आणि बोटांनी बोलावणं, ये.

संचालकांनी पाकीट फोडलं. सगळं जुळलं. पण तू म्हणालास, "थांबा. शेवटी अजून एक आहे. ओठावर दोन बोटं, मिशी, ती बाबांची खूण. आणि मग हात पुसल्यासारखा. बाबांना सांगू नकोस."

ते माझ्या वाचनात नव्हतं. इतक्या वेळा बघूनही मला ते दिसलं नव्हतं. मी खुणा केल्या हे कळलं तर बाबा रागावतील, अशी त्या पोरीला भीती होती. धाकटा शिक्षेच्या ओल्या खोलीत कोंडलाय, आणि हिला भीती कशाची तर खुणा केल्याची.

विश्वस्त बाई म्हणाली, "हे शेवटी घरच्याच माणसाचं म्हणणं झालं." संचालक म्हणाले, "हो. दोघांचं अक्षर न् अक्षर जुळलं असतं तर मलाही शंका आली असती." एवढंच. मग त्यांनी चष्माला लिहायला सांगितलं. नोंद आता अशी आहे : 'मुलगी घरच्या खुणांमध्ये मोठ्या भावाला सांगते आहे : धाकट्याला कोंडलं आहे, पाणी नाही, थंडी आहे, दादा ये, बाबांना सांगू नकोस. वाचन बहिणीचे व भावाचे. धाकटा भाऊ त्याच महिन्यात शाळेत वारला. शाळेच्या म्हणण्यानुसार तापाने.' मी म्हणाले, तापाचंही राहू दे. ताप होताच त्याला. तापातलं पोर त्या ओल्या खोलीत होतं, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

पत्रिकेवर आता इमारतीचं चित्र येणार आहे. समारंभ ठरल्याप्रमाणे होईल. माफी कुणी मागितलेली नाही. ती बाई जाताना माझ्यापाशी थांबली आणि ओठ सावकाश हलवून काहीतरी म्हणाली. मला वाचता आलं नाही, आणि दुभाषी बाईला मी विचारलं नाही.

त्यानंतर अंगणातल्या पायऱ्यांवर आपण बसलो ते. दुभाषी बाई उठून जायला लागली तर तू तिला थांबवलंस. "नको, थांबा," म्हणालास, "ह्या वेळी हिला नीट कळू दे." आणि मग न विचारता उत्तर दिलंस.

"मी सांगितलं होतं," तू म्हणालास. "सरांच्या खोलीत. तू जसं केलंस तसं सगळं बोललो. ती म्हणते त्याला कोंडून ठेवलं होतं, पाणी नव्हतं. सर हसले. म्हणाले, 'हुशार आहे हो तुमचा मुलगा. ही पोरं काहीबाही हात करतात आणि हा त्यातून गोष्टी रचतो.' आणि डोक्यावर हात ठेवला. मी बाबांकडे बघितलं. वाटलं, ते विचारतील. ते म्हणाले, 'पुरे आता.' मी एकदा बोललो. दुसऱ्यांदा बोललो नाही."

मी विचारलं, "मग पाटीवर का लिहिलं नाहीस?"

तू पायरीवरची धूळ हाताने पुसलीस. मग म्हणालास, "लिहिलं असतं तर तुला कळलं असतं की बाबांनी ऐकलं होतं. ऐकून, आठवड्याने तुला परत त्याच शाळेत नेऊन सोडलं होतं. तू तेव्हा बाबांच्या मागे मागे फिरायचीस. तुझा माझ्यावर राग होता. म्हटलं, माझ्यावरच असू दे."

 तुझं चुकलं की बरोबर, ते मला अजून ठरवता येत नाही. मी तुला दोषी धरलं त्याबद्दलही काही लिहीत नाही, मला जे दिसलं ते मी धरलं, आणि दिसण्यापलीकडे माझ्याकडे दुसरं काय होतं? बाबांचं शेवटचं दुखणं मी काढलं, दादा. चमच्याने भरवलं. त्यांचा फोटो दुकानात शिलाई मशीनच्या वर आहे. काढलेला नाही. मी मशीन मात्र खिडकीकडे फिरवून घेतलंय, उजेड बरा येतो असं गिऱ्हाइकांना सांगते. आईला काही माहीत होतं का, हे तुलाही ठाऊक नाही म्हणालास. ते आता कुठल्याच फिल्ममध्ये नाही.

आणि मग चष्मा दारात येऊन म्हणाली, "एक रीळ राहिलंय. त्या मुलीच्या रिळाच्या आधीच्या आठवड्यातलं. लहान मुलं आहेत त्यात, आम्ही कुणालाच ओळखत नाही. दमला नसाल तर बघता का?"

तू दमला होतास. तरी आलास. चेंडूचा खेळ होता, धूळ, पायच पाय. मी चेहरे शोधत होते, म्हणून मला सापडला नाही. तुला तो धावण्यावरून सापडला. तू खुर्चीतून उठून थेट पडद्यापाशी गेलास आणि तुझीच सावली पडून चित्र झाकलं गेलं, तेव्हा मी तुला बाजूला ओढलं.

चेंडू एका दांडग्या मुलाने पळवलाय आणि आपला धाकटा त्याच्या पोटाएवढा, पण मान वर करून त्याच्यासमोर उभा आहे. अंगात माझा जुना स्वेटर. तो दांडग्याला काहीतरी सांगतोय, घरच्याच खुणांनी, त्या पोराला काय कळणार! पण हा जोरजोरात सांगतोय. कान धरून पुढे ओढतो. हात उंच, अजून उंच, टाचा वर करून. मग मूठ.

चष्माने आपल्या दोघांकडे बघितलं. मी तुझ्याकडे बघितलं. वाचायची पाळी तुझी होती.

"माझा दादा आहे," तू म्हणालास. "एवढा उंच आहे. तो येईल आणि तुला मारेल."

तुझ्या तोंडावर हसू होतं आणि डोळे वाहत होते, आणि मागे सगळं मंडळ पाय आपटत होतं. खाली लाकडी फळ्यांची जमीन आहे, टाळ्यांच्या जागी आम्ही ती हलवतो. तुझ्या पायांनाही ती लागली असेल.

चष्माने पेन हातात धरून विचारलं, "हेही लिहू?"

तू म्हणालास, "लिहा. तो म्हणतोय तसंच लिहा."

तुझी बहीण